‘नंबर फिरव’ म्हणजे नक्की काय फिरवायचं?

माझे वडील अजूनही म्हणतात, “जरा मामाचा नंबर फिरव गं.” मागच्या दिवाळीत ते माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला असंच म्हणाले. तिने त्यांचा मोबाइल हातात घेतला, आडवा धरला, पुन्हा उभा धरला आणि विचारलं, “आजोबा, काय फिरवू?”

प्रश्न अगदी रास्त होता. मी लगेच उत्तर द्यायला बसले: चकती, एक्स्चेंज, ट्रंक कॉल, एसटीडीच्या बूथबाहेरची रांग. पाच मिनिटांत तिचं लक्ष उडालं. तिचं काहीच चुकलं नाही. तिच्या समोर वस्तू नव्हती, नुसते शब्द होते, आणि तेही तिने कधी न पाहिलेल्या गोष्टींचे. तेव्हापासून आमच्या घरी हा उद्योग वेगळ्या रीतीने चालतो. तुम्हालाही आपल्या लहानपणची यंत्रं मुलांना दाखवायची असतील, तर पुढची पद्धत करून पाहा. माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, मुलगी नऊची. दोघांनाही ती लागू पडली.

आधी शब्द गोळा करा

वस्तू दाखवण्याआधी दोन-तीन दिवस मुलांना एक काम द्या. घरातली मोठी माणसं असे कोणते शब्द वापरतात ज्यांचा अर्थ लागतो, पण ते तसेच का म्हणायचे ते कळत नाही, त्यांची यादी करायची. आमच्या घरच्या यादीत नंबर फिरवणे होतं आणि फोन ठेवणे होतं (मुलाचा प्रश्न: “कुठे ठेवायचा? तो तर खिशातच असतो”). “तीच तीच टेप लावू नकोस” आणि “त्याची पिन तिथेच अडकलीये” हे दोन्ही माझ्या आईचे. आणि एक शब्द मुलांचा स्वतःचाच होता, रील. दिवसभर जो शब्द तोंडात असतो तो सिनेमाच्या फितीच्या रिळावरून आलाय, हे ऐकून दोघंही थबकले.

मोबाइल आणि कॉम्प्युटरवरची चिन्हंही याच यादीत घाला. फोन लावायच्या बटणावरचा तो वाकडा दांडा म्हणजे जुन्या फोनचा रिसीव्हर. व्हॉइसमेलच्या चिन्हातली दोन वर्तुळं म्हणजे टेपची दोन चाकं. सेव्ह करायचा चौकोन म्हणजे फ्लॉपी. साडेतीन इंची फ्लॉपीत १.४४ एमबी मावायचं. मोबाइलवर काढलेला साधा फोटो त्याहून मोठा असतो, म्हणजे एक फोटोही त्यात बसणार नाही. एवढं सांगून फ्लॉपी सोडून द्या, हातात घेऊन करण्यासारखं त्यात फारसं काही नाही.

यादीचा फायदा असा की मूल स्वतःचा प्रश्न घेऊन येतं. आपण आठवण सांगायला बसलो की ते ऐकून घेतं, प्रश्न त्याचा असला की ते मागे लागतं.

वस्तू मिळवा, पण सगळ्या नको

पहिल्या फेरीला दोनच वस्तू पुरेत: कॅसेटचा टेपरेकॉर्डर आणि चकतीचा फोन. या दोन्हींत हलणारे भाग दिसतात, बोटाला जाणवतात, कानाला ऐकू येतात. माळ्यावर पाहा, गावच्या घरी विचारा. पुण्यात असाल तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा, मुंबईत चोर बाजार आहेच. टेपरेकॉर्डर घेताना आवाज भरता येणारा घ्या. ज्याला आपण टू-इन-वन म्हणायचो, रेडिओ आणि टेप एकत्र, तो सगळ्यात उत्तम, कारण त्यात माइक आतच असतो.

वर्षानुवर्षं पडून असलेल्या टेपरेकॉर्डरचं सेलचं झाकण स्वतः उघडा, मुलांना उघडू देऊ नका. आत सेल फुटून पांढरी पूड साचलेली असते, ती कातडीला चांगली नाही. हातमोजे घालून पुसून काढा. गाणं संथ, लडखडत वाजत असेल तर आतला रबरी पट्टा सैल झालाय असं समजा. जुनी यंत्रं दुरुस्त करणारा कारागीर तो बदलून देतो. जुना डब्यासारखा टीव्ही मिळाला तर तो मात्र अजिबात उघडू नका. प्लग काढल्यावरही आत जीवघेणा विजेचा दाब साचून राहू शकतो.

आणखी एक. घरातली जपलेली कॅसेट, कुणाच्या लग्नाची किंवा आजीच्या आवाजाची, पहिल्या दिवशी लावू नका. बिनमहत्त्वाची कॅसेट आधी वाजवून यंत्र नीट चालतंय याची खात्री करा. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती लावूच नका.

कॅसेट: आधी हातात, मग कानात

कॅसेट मुलाच्या हातात द्या आणि गप्प बसा. हे कठीण जातं, पण बसा. माझ्या लेकीने आधी ती हलवली, खुळखुळ ऐकली. मग भोकांत बोट घातलं, चाक फिरलं, आणि खालच्या उघड्या कडेने तपकिरी फितीचं वेटोळं बाहेर आलं. ती घाबरली, “मोडली का?” म्हणाली. हाच खरा मुहूर्त! कोपऱ्यांची पेन्सिल द्या. चाकाच्या आत सहा दात असतात आणि षटकोनी पेन्सिल त्यांत घट्ट बसते. हळूहळू फिरवून फीत आत घ्यायला लावा. मोडलेलं आपल्या हाताने नीट झालं की त्या वस्तूची भीती जाते, आणि पुढचं सगळं मूल आपणहून करतं.

मग पट्टी काढा. कॅसेटमधली फीत दर सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. १९६३ साली फिलिप्स कंपनीने लू ऑटेन्स यांच्या हाताखाली तयार झालेली ही कॅसेट बाजारात आणली, आणि जगभरच्या टेपरेकॉर्डरांनी तोच वेग पाळला. म्हणजे एका सेकंदाचं गाणं पट्टीवर जेमतेम पावणेपाच सेंटिमीटर. आमच्याकडे यावर खूप वेळ गेला. लेकीने आपलं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट, म्हणून पाहिलं. घड्याळात दोन सेकंद लागले. “म्हणजे माझं नाव साडेनऊ सेंटिमीटर लांब आहे,” ती म्हणाली, आणि वहीत तेवढी रेघ मारून तिने खाली आपलं नाव लिहिलं. आवाजाला लांबी असते हे मी तिला कितीही सांगितलं असतं तरी इतकं पटलं नसतं.

मोठ्या मुलाला गणित द्या. सी-६० कॅसेटच्या एका बाजूला ३० मिनिटं, म्हणजे १८०० सेकंद. गुणाकार केला की फीत जवळजवळ ८६ मीटर निघते. तळहाताएवढ्या डबीत! सी-९० मध्ये त्याहून लांब फीत बसवायची म्हणून ती पातळ करावी लागे, आणि पातळ फीत जास्त गुंतायची. आपल्या घरात सी-९० कॅसेटीच का जास्त अडकायच्या त्याचं कारण मलाही हे मुलाला समजावताना नीट कळलं.

आता यंत्रात घाला. झाकण उघडं ठेवता येत असेल तर उघडंच ठेवा, म्हणजे प्ले दाबल्यावर काय पुढे येतं ते दिसतं: धातूचं चकचकीत हेड आणि त्याशेजारी छोटा रबरी रोलर. हेड फितीला टेकतं, रोलर फीत ओढतो. समजावताना मी असं सांगते: फितीवर लोखंडाच्या ऑक्साइडची अगदी बारीक पूड बसवलेली असते. आवाज भरताना हेड त्या पुडीला कमी-जास्त चुंबकत्व देतं, वाजवताना तेच हेड ते चुंबकत्व वाचतं. गाणं तिथे लिहिलेलंच आहे, फक्त आपल्या डोळ्यांना ते अक्षर दिसत नाही. पटत नसेल तर टाकाऊ कॅसेटवर मुलाला काहीतरी बोलायला लावा, मग पेन्सिलीने थोडी फीत बाहेर काढून तिच्यावरून ताकदीचं लोहचुंबक हळूच फिरवा, फीत परत आत घ्या आणि वाजवा. तिथला आवाज बुजतो किंवा पार जातो. हा प्रयोग आमच्या बारा वर्षांच्या चिरंजीवांनी चार वेळा केला.

फीत रोलरमध्ये गुंतली तर ओढायची नाही. आधी स्टॉप, मग वायर काढायची, मग गुंता सैल करत सोडवायचा. आवाज दबका येत असेल तर कापसाच्या काडीला थोडं स्पिरिट लावून हेड पुसायचं. काडी तपकिरी होते, मुलांना ती दाखवा. गाण्यांची पूडच ती, जुन्या फितींवरून झडलेली.

हे सगळं झाल्यावरच गोष्टी सांगायला घ्या. कॅसेट भरून घेणं म्हणजे काय ते सांगा: कागदावर गाण्यांची यादी करायची, कोरी कॅसेट घेऊन दुकानात जायचं, आणि दोन दिवसांनी आणायला जायचं. यादीतलं शेवटचं गाणं बाजू संपल्यामुळे मध्येच तुटलेलं असायचं, आणि ते गाणं पुढे कुठेही ऐकलं तरी त्याच ठिकाणी थांबेल असं वाटायचं. आखातात नोकरीला गेलेली माणसं पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायची, आणि इकडे घरातले सगळे टेपभोवती बसून ती ऐकायचे, तेही सांगा. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी हे केवढं मोठं होतं, हे मुलांना समजतं. माझ्या मुलाने तर विचारलं, “मग उत्तर त्याच कॅसेटवर पाठवायचे का? आधीचं पुसून?”

चकतीचा फोन

फोन लाइनला जोडायची गरज नाही. आजच्या लाइनवर तो चालेलच असंही नाही. समोर ठेवा आणि म्हणा, “बाबांचा नंबर लाव.”

बहुतेक मुलं भोकातल्या आकड्यावर बोट दाबतात, बटण असल्यासारखं. दाबू द्या. मग सांगा की आधी रिसीव्हर उचलायचा, बोट भोकात घालून चकती त्या धातूच्या अडसरापर्यंत ओढायची आणि सोडून द्यायची. इथे मुलं दुसरी चूक करतात, चकती हाताने परत ढकलतात. ती आपली आपण परत जायला हवी, कारण मोजणी परत जाताना होते. परत फिरताना आत एक कळ तारेतला विजेचा प्रवाह तोडते आणि जोडते. ३ फिरवलं तर तीन वेळा, ७ फिरवलं तर सात वेळा. हे ठोके सेकंदाला साधारण दहा पडतात, आणि एक्स्चेंजमधलं, म्हणजे सगळ्या फोनच्या तारा जिथे येऊन जोडल्या जातात त्या केंद्रातलं, यंत्र ते मोजतं.

मग ० वर किती? दहा. म्हणूनच चकतीवर शून्य ९ च्या नंतर येतो. मोबाइलच्या आकड्यांतही शून्य सगळ्यात शेवटी, ९ च्या नंतरच्या ओळीत, ८ च्या खाली आहे, हे मुलांनी स्वतः शोधू दे.

आता आमच्या घरचा सगळ्यात आवडता खेळ. एकाने डोळे मिटून कागद-पेन्सिल घेऊन बसायचं. दुसऱ्याने चकतीवर सहा आकडे फिरवायचे. पहिल्याने नुसता परत जातानाचा आवाज ऐकून आकडे लिहायचे. सुरुवातीला ठोके मोजता येत नाहीत, पण चकतीला परत जायला लागलेला वेळ ओळखू येतो: १ म्हणजे टक्‌, ० म्हणजे पूर्ण एक सेकंद. दहा मिनिटांत कान तयार होतो. हे झालं की “एक्स्चेंज” हा शब्द समजवावाच लागत नाही, कारण तो डोळे मिटून बसलेलाच एक्स्चेंज असतो.

लाइट गेली तरी हा फोन चालायचा, हेही मुलांना नवल वाटतं. त्याला लागणारी वीज एक्स्चेंजकडूनच फोनच्या तारेतून यायची, सुमारे ४८ व्होल्टची, तिथल्या बॅटऱ्यांवरची. चार्जिंग नाही, घरातला प्लग नाही.

यंत्र कळलं की माणसांकडे वळा. परगावी फोन करायचा तर ट्रंक कॉल लावावा लागे. ऑपरेटरला नंबर द्यायचा आणि घरात वाट बघत बसायचं. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे तीन दर होते, घाई जितकी जास्त तितके पैसे जास्त. बोलण्याचा हिशोब तीन-तीन मिनिटांचा. मग ऑपरेटरशिवाय परगावी फोन लावायची सोय आली, तीच एसटीडी. भारतात ती प्रथम १९६० साली लखनौ आणि कानपूर यांच्यात सुरू झाली, आणि बाकी गावांपर्यंत पोचायला तिला बराच काळ लागला. तिची पिवळी बूथं मी स्वतः वापरली आहेत. रात्री उशिरा दर उतरायचा म्हणून जेवणं उरकून सगळे बूथवर जायचे, आणि काचेच्या खोलीत बोलताना नजर भिंतीवरच्या बिलाच्या लाल आकड्यांवर असायची.

यासाठी एक प्रयोग करा. मुलांना स्वयंपाकघरात बसवा, तुम्ही बाहेरच्या खोलीत. तीन मिनिटांचं घड्याळ लावा. तेवढ्यात आठवड्याची सगळी बातमी सांगायची, वेळ संपला की फोन कट. पहिल्या खेपेला माझी मुलगी दीड मिनिट “काय करतेस? मी पण काही नाही” यातच होती. दुसऱ्या खेपेला ती कागदावर मुद्दे लिहून आली. आम्हीही तसेच लिहून न्यायचो, हे मी तिला तेव्हा सांगितलं, आधी नाही.

पीपी नंबर सांगायला विसरू नका. ज्यांच्याकडे फोन नसे ते शेजाऱ्यांचा नंबर द्यायचे आणि पुढे पीपी असं लिहायचे, अगदी लग्नपत्रिकेवरसुद्धा. फोन घ्यायचा तर नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागे. आमच्या वाड्यात एकच फोन होता, तळमजल्यावरच्या काकूंकडे. फोन आला की काकू जिन्याखालून हाक मारायच्या आणि ज्याचा असेल तो धावत सुटायचा. मग काकूंच्या बैठकीत, त्यांच्या घरच्या माणसांसमोर बोलायचं. आनंदाची बातमी असो नाहीतर दवाखान्याची, ती पहिल्यांदा काकूंना कळायची. खाजगीपण गेलं होतं हे खरं, पण वाईट बातमी ऐकताना कुणीतरी शेजारी उभं असायचं हेही खरं. मुलांना दोन्ही सांगा.

या निमित्ताने एक कामाची गोष्टही करून घ्या. मुलांकडून तीन फोन नंबर तोंडपाठ करून घ्या: आईचा, बाबांचा आणि आणखी एका जवळच्या माणसाचा. चकतीवर रोज एकदा फिरवले की आठवड्यात बसतात. मोबाइल हरवला किंवा बंद पडला तर आजही हेच उपयोगी पडतं.

टीव्ही आणि कॅमेरा, थोडक्यात

अँटेना प्रत्यक्ष दाखवणं आता अवघड आहे, त्यामुळे नाटकच करा. एक जण गॅलरीत झाडू धरून उभा, एक खिडकीत, एक टीव्हीसमोर. “आलं का?” “नाही… आलं आलं… गेलं!” मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, आणि पुण्याच्या गच्च्यांवरच्या अँटेना सिंहगडाकडे तोंड करून उभ्या असायच्या, कारण प्रक्षेपणाचा मनोरा तिथे होता. एकच वाहिनी, आणि मध्येच पडद्यावर “व्यत्यय”.

रोलच्या कॅमेऱ्यासाठी मोबाइल चालतो. सहलीला निघताना प्रत्येक मुलाला बाराच फोटो काढायची परवानगी द्या, काढलेला फोटो पाहायचा नाही, पुसायचा नाही, आणि सगळे एकदम पुढच्या रविवारी बघायचे. आमच्या रोलमध्ये ३६ फोटो असायचे आणि रोल धुवायला टाकल्यावर अंगठा कुठल्या फोटोत आलाय ते कळायचं. लेकीने बाराव्या फोटोसाठी चाळीस मिनिटं राखून ठेवली.

बोलताना काय टाळायचं

“आमच्या वेळी हे असलं नव्हतं, तरी आम्ही मजेत होतो” हे वाक्य टाळा. मुलाला ते बोलणं लागतं, आणि ते पूर्ण खरंही नाही. तार आली की घरात धस्स व्हायचं, आजारी माणसाची खबर दोन दिवस उशिरा यायची, परगावच्या मुलीशी आईचं बोलणं महिन्यातून एकदा व्हायचं. भारतातला पहिला मोबाइल फोनवरचा कॉल ३१ जुलै १९९५ ला कोलकात्याहून दिल्लीला झाला. मी तेव्हा सातवीत होते. तार सेवा तर २०१३ च्या जुलैपर्यंत चालू होती, म्हणजे हे सगळं काही फार लांबचं नाही. मुलांना तारखा सांगताना घरातल्या माणसांच्या वयाशी जोडून सांगा: तेव्हा आजोबा नोकरीत होते, तेव्हा काकाचं लग्न झालं.

आणि एका दिवशी एकच वस्तू. मूल कंटाळायच्या आत थांबा. उद्या पुन्हा काढायला सांगेल.

शेवटचं काम

आजी-आजोबा घरात असतील तर कोरी कॅसेट घाला, रेकॉर्ड आणि प्लेची बटणं एकदम दाबा, आणि मुलाला त्यांची मुलाखत घेऊ द्या. सुरुवातीची काही सेकंदं फितीला पूड नसते, तिथे आवाज बसत नाही, म्हणून पाचापर्यंत मोजून मग बोलायला सुरुवात करायची. प्रश्न मुलाने आधी लिहून ठेवावेत. आमच्याकडे लेकीने पहिला प्रश्न विचारला, “आजोबा, तुम्ही पहिल्यांदा कोणाचा नंबर फिरवला?” ते बराच वेळ गप्प राहिले. ती शांतताही फितीवर आहे, साधारण वीस सेंटिमीटरची.

झालं की इअरफोनच्या भोकातून एक वायर कॉम्प्युटरच्या माइकला लावून, ऑडॅसिटीसारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची प्रत काढून ठेवा, कारण फीत कायम टिकत नाही. मग कॅसेटच्या लेबलवर मुलाच्या हातून बॉलपेनने नाव आणि तारीख लिहून घ्या. ए बाजू आपल्याकडे आणि फितीची कड खाली धरली की वरच्या कडेला डावीकडे प्लास्टिकची एक चिमुकली खुंटी दिसते. ती पट्टीच्या टोकाने मोडायची. खुंटी मोडली की त्या बाजूवर रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही. लेकीने ती मोडली आणि उरलेला तुकडा कंपासपेटीत ठेवला.